नकटीचं नाक

नकटीचं नाक खरोखरच नकटं होतं. घडवणाऱ्याने बाकी चेहरा नीट घडवला आणि जाता जाता नाकावर अंगठा दाबून गेला, असं तिची आजी म्हणायची. शाळेत मैत्रिणींनी ते नाव ठेवलं आणि केस पिकले तरी ते काही सुटलं नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ही म्हण तर तिने इतक्यांच्या तोंडून ऐकली होती की लग्नाच्या दिवशी तिनेच नवऱ्याला विचारलं, झाली का सतराशे, की अजून बाकी आहेत? नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणाला, मोजतोय.

पण गंमत अशी, की ज्या नाकाची जन्मभर चेष्टा झाली त्याच नाकावर तिचं सगळं उभं होतं. शहराच्या कडेला एक दूध संकलन केंद्र आहे. पहाटे आसपासच्या गोठ्यांतून दुधाचे कॅन येतात, ओट्यावर ओळीने लागतात आणि टाकीत ओतण्याआधी प्रत्येक कॅनचा वास कुणीतरी घ्यावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे नकटी. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण ही पगारी नोकरी आहे आणि ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. झाकण उचलायचं, उलटं करायचं, आधी झाकणाच्या आतला वास घ्यायचा, कारण रात्रभराचा वास तिथे साठून राहतो. मग मान वाकवून कॅनच्या तोंडाशी एकच छोटा श्वास. दुसरा घ्यायचा नाही. दुसऱ्या श्वासाला नाक सरावतं आणि खोटं बोलायला लागतं. त्या एका श्वासात नकटीला कळायचं, की गाईने कांद्याची पात खाल्लीय, की कॅन साबणाने घासला पण विसळला नाही, की दूध आंबायच्या वाटेवर आहे. संशय आला की ती नुसतं "बाजूला" म्हणायची. बाजूला गेलेलं दूध उकळून बघत, आणि खोट निघायचीच. गवळी मोठे भांडखोर, पण नकटीशी कुणी भांडत नसे.

टाकीत जे दूध जमायचं, तेही पुढे एकदा उकळून तपासलं जायचं. पण ओळीतला एक कॅन टाकीत जातच नसे. तो सरळ हातगाडीवर चढायचा आणि पाळणाघराकडे निघायचा. पाळणाघर नकटीच्या शाळेतल्या मैत्रिणीचं. तिथली पोरं या मैत्रिणीला मावशी म्हणत, म्हणून सगळं गावच तिला मावशी म्हणे आणि मैत्रिणीही म्हणत. पाळणाघर सुरू झालं तेव्हाच नकटीने तिला शब्द दिला होता, तुझ्या पोरांचा कॅन मी माझ्या नाकाने निवडून देईन, त्याला दुसरी तपासणी लागायची नाही. इतकी वर्षं तो शब्द पाळला गेला होता आणि त्या गोष्टीचा नकटीला, खरं सांगायचं तर, गर्व होता.

यंदाच्या थंडीत तिला ताप आला. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना ते तिचा वासही घेऊन गेले.

आधी तिला वाटलं, नाक चोंदलंय. वाफ घेतली, काढे घेतले. मग एके दिवशी ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती आणि पाठीमागे शेगडीवर भाजी करपून काळी ठिक्कर पडली. बाहेरच्या खोलीतून, डोळ्याला भिंग लावलेला नवरा उठून आला आणि त्याने शेगडी बंद केली. नकटीच म्हणाली, "लक्षातच आलं नाही बघा माझ्या, विचारात होते." तो मान हलवून परत गेला. तो तसाही सगळ्याला मानच हलवायचा, कारण त्याला गेली काही वर्षं नीट ऐकू येत नव्हतं आणि ते तो कबूल करत नव्हता. नकटीने त्याला किती सुनावलं होतं! लाज कसली त्यात, लपवता कशाला, लोकांना सांगितलं तर लोक मोठ्याने बोलतील. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आता एकाच घरात एकाला ऐकू येत नव्हतं, दुसरीला वास येत नव्हता, आणि दोघंही अगदी धडधाकट असल्यासारखी वावरत होती.

ती लांबच्या वस्तीतल्या एका डॉक्टरांकडे जाऊन आली, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित परत, कदाचित नाही येणार. एवढं तर तिलाही ठाऊक होतं.

केंद्रावर मात्र तिने तोंड उघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज पहाटे ती झाकण उलटं करायची, मान वाकवायची, एक श्वास घ्यायची. आत जायची नुसती थंड हवा. मग ती गवळ्याच्या तोंडाकडे बघायची. ज्याच्या दुधात खोट असते तो जास्त बोलतो, किंवा कॅनचे दोर सोडायच्या निमित्ताने पाठ फिरवतो, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तसा कुणी दिसला की ती म्हणायची, "बाजूला." बऱ्याचदा बरोबरही निघायचं. पाळणाघरासाठी तर तिने सोपी युक्ती काढली. ओळीत एक म्हातारा गवळी होता, सगळ्यांत सरळ, उभ्या आयुष्यात ज्याने दुधात पाण्याचा थेंब घातला नाही असा. रोज त्याचाच कॅन पाळणाघराला. यात चूक काय होणार?

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ती आढ्याकडे बघत राहायची. नाक काढून घेतलं तर आपल्यात मागे काय उरतं, हे तिला कळत नव्हतं. तिच्यासारख्या बायका केंद्रावर कॅन धूत होत्या. त्या चांगल्या बायका होत्या, पण त्यांना कुणी भीत नसे.

आणि अशात आला बागेचा रविवार.

शहराच्या मधोमध सार्वजनिक बाग आहे. थंडी ओसरून पहिला फुलोरा आला की तिघी मैत्रिणी तिथे जात. नकटी, मावशी आणि तिसरी शिंपीण. शिंपिणीला तोंडात टाचण्या धरून काम करायची सवय, त्यामुळे टाचण्या नसल्या तरी ती ओठ मिटूनच असायची, आणि जे बोलायची ते टोचायचं. बागेत गेल्यावर तिघींचा एक खेळ ठरलेला होता. शिंपिणीने कातरणातली एक पट्टी आणायची, नकटीचे डोळे बांधायचे, मावशीने तिच्या नाकाशी फुलं धरायची आणि नकटीने ती ओळखायची. शाळेत असताना सुरू झालेला खेळ. नकटी एकदाही हरली नव्हती. आजूबाजूला लोक जमत, कुणी आपल्या लहान मुलाला पुढे करून दाखवत, आणि नकटी राणीसारखी बाकावर बसून एकेक नाव सांगत असे.

यंदा तिने टाळायचा पुष्कळ प्रयत्न केला. गुडघा दुखतोय म्हणाली. मावशीने सांगितलं, मी हाताला धरून नेते. नवऱ्याला बरं नाही म्हणाली. मावशीने दारातूनच नवऱ्याला ओरडून विचारलं, बरं नाही का हो तुम्हाला? त्याने काही न ऐकता हसून मान हलवली, पण हातातली करवंदाएवढी चक्रं अशी चपळ फिरवत होता की आजारी म्हणायची सोय नव्हती. नकटीने शाल घेतली आणि निघाली.

बसमध्ये मावशीने तिला मधे बसवून घेतलं आणि पाळणाघरातली कहाणी सुरू केली. मावशीचं बोलणं म्हणजे उताराला लागलेली गाडी. या आठवड्यात दोनदा दूध फाटलं, म्हणाली. उकळायला ठेवलं आणि पातेल्यात नुसता चोथा. पोरांना बिस्किटं पाण्यात बुडवून द्यावी लागली. स्वयंपाकाच्या काकू, ज्या पाळणाघर उघडलं त्या दिवसापासून आहेत, त्या म्हणाल्या की कॅनमध्येच दूध आंबूस लागत होतं.

"मी म्हटलं, काकू, जरा जीभ आवरा. ते दूध नकटीने हुंगून पाठवलंय. आंबट असेल तर तुमचं पातेलं असेल." मावशीने नकटीच्या मांडीवर थाप मारली. "बरोबर ना?"

नकटी खिडकीबाहेर बघत होती. म्हाताऱ्या गवळ्याचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, तो सरळ, निर्मळ चेहरा. सरळ माणसाचंही दूध आंबू शकतं, एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. त्याला स्वतःलाच ठाऊक नसेल, तर ते तोंडावर कुठून दिसणार? आणि फाटलं ते कळलं तरी. जे फाटलं नाही आणि पोरांच्या पोटात गेलं, त्याचं काय?

शिंपिणीने विचारलं, मग आता काय करणार आहेस? मावशी म्हणाली, करायचं काय, काकू थकल्या आता. भांडी नीट निघत नाहीत त्यांच्याकडून, वर खोटं बोलायला लागल्या. उद्या त्यांना सांगून टाकणार आहे, या नका म्हणून. माझ्याही जिवावर येतंय, पण लहान पोरांचा प्रश्न आहे. एवढं बोलून मावशीने डोळे पुसले, कारण ती वाईट बाई नव्हती.

आत्ता बोलावं, नकटीला वाटलं. बस थांबली, माणसं चढली, उतरली. बाग आल्यावर बोलू, असं तिने स्वतःला सांगितलं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. हिचं नाक तर कधीचं बंद झालं होतं, पण तोंड काही उघडेना.

बाग मात्र अशी फुलली होती की डोळे कुठे ठेवावेत कळू नये. नर्गिसाच्या पांढऱ्यापिवळ्या ओळी, त्यामागे स्वीट पीचे वेल काठ्यांवर चढलेले, बदामाच्या नुसत्या काळ्या फांद्यांवर गुलाबी फुलं. लोक पायवाटांवर थांबत, वाकत, डोळे मिटून श्वास घेत. नकटी चालत होती आणि तिला ते सगळं काचेपलीकडे मांडून ठेवल्यासारखं वाटत होतं. दरवर्षी फाटकातून आत शिरताना पहिला वास ओल्या मातीचा यायचा आणि तिचं वर्ष तिथे सुरू व्हायचं. यंदा तिचं वर्ष सुरूच झालेलं नव्हतं. तिला रडू आलं, ते तिने शिंकेत घालवलं.

एवढ्या गर्दीत एक बाक अख्खा रिकामा होता. नवी लावलेली काही झाडं होती, यंदा पहिल्यांदाच फुलली होती, पांढऱ्या फुलांनी पान दिसू नये अशी लगडलेली, आणि त्यांच्यापासून थोडा अलीकडे तो बाक. नकटी जाऊन बसली. बाकीच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, पण हवा दुसरीकडे वाहत होती, त्यामुळे त्याही बसल्या.

शिंपिणीने पिशवीतून पट्टी काढली. मऊ, निळी. "घट्ट झाली तर सांग," म्हणाली. डोळ्यांपुढे अंधार झाला. मावशी गेली फुलं आणायला. तोडायला बंदी, म्हणून ती नेहमी खाली पडलेली वेचायची आणि रखवालदार बघत असला तर त्याच्याशी त्याच्या मुलाबाळांच्या गोष्टी काढायची.

पहिलं फूल आलं. नकटीने श्वास घेतला, आत गेली नुसती हवा. पण तिने मान जरा पुढे केली आणि ओठाला फुलाच्या मधली छोटी वाटी लागली. "नर्गिस," ती म्हणाली. मावशीने टाळी वाजवली. दुसरं आलं. पाकळी पातळ, फडफडती, आणि देठाला वळण. "स्वीट पी." जवळ थांबलेलं एक जोडपं वा वा म्हणालं. नकटीच्या पाठीवरून घाम उतरत होता. अजून एक, मग सुटले, असं ती मनात म्हणत होती. चोरी करणाऱ्याला वाटतं तसं तिला वाटत होतं, आणि ज्या खेळात ती उभ्या जन्मात हरली नव्हती त्यात आज पहिल्यांदाच ती फसवून जिंकत होती.

मावशी परत आली ती फिदीफिदी हसत. काहीतरी नाकाशी आलं. गालाला छोट्या छोट्या पाकळ्या लागल्या, पुष्कळ, झुपक्याने. बारीक काडी. बदाम, दुसरं काय असणार? नकटीने ठरवलं, हे झोकात करायचं. तिने छाती भरून लांब श्वास घेतला, चेहऱ्यावर हसू आणलं, आणखी एक श्वास घेतला.

"अहाहा," ती म्हणाली. "बदाम. काय गोड वास आहे गं."

मावशी अशी हसली की तिला बाकाची पाठ धरावी लागली. "काय नाटकी आहे ही," ती म्हणाली, "चेहरासुद्धा वाकडा केला नाही बयेने." तिने ती डहाळी नकटीच्या शालीत खोचली, स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि चहा आणते म्हणून टपरीकडे गेली. ते जोडपंही हसत निघून गेलं.

नकटीने पट्टी सोडली. शालीत पांढरी फुलं होती. बदाम नव्हता, एवढं तिला कळलं, पण त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळेना. तिने शिंपिणीकडे पाहिलं. शिंपीण हसत नव्हती. ती हात पुढे करून शालीतली डहाळी सोडवत होती.

"राहू दे की," नकटी म्हणाली. "छान दिसतेय."

"नकटे, याला मेलेल्या माशाचा वास येतो," शिंपीण म्हणाली.

तिने डहाळी लांब फेकली आणि बोटं रुमालाला पुसली. मग तिने पाठीमागे, त्या शोभिवंत झाडांकडे मान वळवली. लोक लांबून बघत होते, वळसा घालून जात होते. एवढ्या गर्दीत हा बाक रिकामा का होता, ते नकटीला आता समजलं.

"कधीपासून?" शिंपिणीने विचारलं.

"थंडीपासून."

"आणि कॅन?"

नकटी शालीवर राहिलेल्या पाकळ्या झटकू लागली. शिंपीण निळी पट्टी बोटांवर गुंडाळत राहिली, मग पिशवीत टाकली. ती एवढंच म्हणाली, की मी काही सांगणार नाही. माझ्या तोंडात टाचण्या आहेत असं समज. पण त्या काकूंचं काय करायचं ते तू ठरव, आणि उद्याच्या आत ठरव.

मावशी चहा घेऊन आली. नकटीने कप हातात घेतला. गरम आहे एवढंच तिला समजलं, बाकी त्यात चहा होता की कोमट पाणी, तिला सांगता आलं नसतं. दोनदा तिने बोलायला तोंड उघडलं. एकदा मावशीने मधेच कुणाला तरी हाक मारली. दुसऱ्यांदा कुणीच काही केलं नाही, नकटीचंच धाडस झालं नाही.

परतताना मावशीने बसमध्येच ठरवून टाकलं. काकूंचं घर वाटेवरच आहे, आजच उरकून टाकू. उद्या पोरांसमोर रडारड नको. "तू बरोबर चल," ती नकटीला म्हणाली. "तू असलीस की त्या दूध आंबट होतं असं म्हणायच्या नाहीत." शिंपिणीचं घर दोन थांबे आधी होतं. ती उतरली नाही.

मागच्या गल्लीत, तळमजल्यावर काकूंची एकच खोली होती. पुढे थोडी फरशी घातलेली जागा आणि नळ. काकू नळापाशी बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या, पाय सुजलेले, बाह्या वर सारलेल्या, आणि मांडीवर पाळणाघराचं ते मोठं पातेलं. रविवारी घरी घासायला आणलं होतं. लिंबाच्या साली, मीठ, काथ्या, सगळं आजूबाजूला पसरलेलं. पातेलं इतकं घासलं गेलं होतं की त्याच्या बुडात आभाळ दिसत होतं, आणि काकूंची बोटं सोललेल्या बिटासारखी लाल झाली होती.

तिघींना दारात बघून काकू उठल्या. मावशीने घसा साफ केला, पण तिला सुरुवात सापडायच्या आत काकूंनी पातेलं नकटीपुढे धरलं.

"ताई, बरं झालं तुम्हीच आलात. आता तुम्हीच हुंगा. मी काही बोलत नाही. तुमच्या नाकाला घाण लागलं, तर मी उद्यापासून येत नाही."

नकटीने पातेलं घेतलं. ते जड होतं. मान सवयीनेच वाकली, आणि तिने सवयीनेच एक छोटा श्वास घेतला. काहीच आलं नाही. ना लिंबू, ना दूध, ना धातू. त्या क्षणी तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की एक शब्द पुरे आहे. एका शब्दाने काकूंचं काम राहील, मावशीचा राग जाईल, आणि आपलं झाकलेलं झाकलेलंच राहील. कुणाचंच काही बिघडत नाही.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली.

मावशीने मोठा श्वास सोडला. नकटी म्हणते म्हणजे स्वच्छच, ती म्हणाली, आणि लगेच तिचा सूर बदलला. हवाच बदललीय, शेगडीही मेली मंद झालीय, काय झालं असेल कोण जाणे, काकू, तुम्ही उद्या या, मनात काही ठेवू नका. काकूंनी मनगटाने डोळे पुसले, कारण बोटांना मीठ होतं. त्या नकटीचे उपकार मानू लागल्या. तुमच्यासारखं माणूस आहे म्हणून निभावतंय, म्हणाल्या. साप मेला आणि काठीही मोडली नाही. शिंपीण गल्लीतल्या भिंतीकडे बघत होती.

"आणि ए," मावशी जायला वळता वळता म्हणाली, "उद्याचा कॅन जरा चांगला बघून दे हं. नेहमीसारखा."

पातेलं अजून नकटीच्या हातातच होतं. उद्या पहाट होणार होती. ओळीत कॅन लागणार होते. झाकण उलटं होणार होतं, आणि ती म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून बोट दाखवणार होती. आणि दूध पुन्हा फाटलं की यावेळी कुणाचं पातेलं म्हणायचं?

"उद्याचा कॅन मी नाही निवडणार," ती म्हणाली.

"का गं?"

"मला वास येत नाही. थंडीपासून कशाचाच येत नाही." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "दूध आंबटच होतं. काकू बरोबर सांगत होत्या. कॅन मीच दिला, तोंड बघून दिला. त्या फुलाचाही मला वास आला नव्हता, मावशी. मी नाटक नव्हते करत."

मावशी हसली, थोडंसंच, बागेतल्या हसण्याचं उरलेलं. मग तिने शिंपिणीकडे पाहिलं आणि ते हसू गेलं.

"पोरं पितात ते दूध," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मावशीचा वाटलाच नाही. ती भिंतीला टेकली. मावशी गप्प बसलेली नकटीने शाळेपासून कधी पाहिली नव्हती.

काकू मात्र नकटीकडेच बघत होत्या. रागाने नाही. न समजल्यासारखं.

"मग आत्ता," त्यांनी विचारलं, "पातेल्यात तुम्ही काय हुंगलंत?"

तिला वाटलं होतं की खरं बोलल्यावर जीव हलका होईल. तसं काही झालं नाही.

काकूंनी पातेलं तिच्या हातातून काढून घेतलं. स्वतः मान वाकवली, पातेल्याचा वास घेतला, सावकाश, आणि मग ते फरशीवर पालथं घालून ठेवलं.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीही होतं."